दयाळाची हद्द आणि शेजाऱ्याचे उत्तर : पहाटेच्या निरीक्षणाची सुरुवात कशी करावी

मार्च महिना लागला की महाराष्ट्रातल्या गावांत आणि शहरांच्या जुन्या, झाडे राखून असलेल्या वस्त्यांत, पुरते उजाडण्याआधी, एखाद्या गच्चीच्या टोकावरून किंवा विजेच्या खांबावरून दयाळाची शीळ ऐकू येऊ लागते. ऐकणारा बहुधा त्या एकाच आवाजात रमतो आणि ‘पक्षी किती आनंदाने गातो आहे’ असे म्हणून कूस बदलतो. नीट कान दिला, तर मात्र ती शीळ थांबताच दोन गल्ल्या पलीकडून दुसरी शीळ उमटते, तीही थांबते आणि मग पहिला पक्षी पुन्हा सुरू होतो. ही दोन नरांमधली हद्दीची बोलणी आहेत, आणि प्रस्तुत लेख ती समजून घेऊ इच्छिणाऱ्या नवख्या निरीक्षकासाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. नर पक्षी प्रतिस्पर्ध्याला आवाजाने कसे उत्तर देतो हे शिकायचे असेल, तर एकाच पक्ष्याचे गाणे कितीही वेळ ऐकून भागत नाही. एकाचा आवाज संपल्यापासून दुसऱ्याचा सुरू होईपर्यंत गेलेला वेळ, दुसऱ्याने निवडलेली लकेर, आणि उत्तर देताना तो पुढे सरकला की जागीच राहिला, या तीन गोष्टी नोंदवल्याशिवाय ऐकलेल्या गाण्याचा अर्थ लागत नाही. पुढील सर्व पायऱ्या या तीन नोंदींसाठीच आहेत.

पहिली पायरी : पक्षी आणि जागा निवडणे

शिकण्यासाठी दयाळच का, याची कारणे साधी आहेत. तो माणसांच्या वस्तीजवळ राहतो, उघड्यावर बसून गातो, वर्षातल्या ठरावीक काळात फार गातो आणि नर-मादी दिसायला वेगळी असतात. नराचे डोके, पाठ आणि छाती निळसर झाक असलेली चकचकीत काळी, पोट पांढरे आणि पंखांवर लांब पांढरा पट्टा असतो. मादीत नक्षी तीच, परंतु काळ्याच्या जागी राखाडी रंग असतो. दोघांचीही शेपटी लांब, काळी, कडांना पांढरी आणि वारंवार वर उचललेली असते. कोरड्या, उघड्या माळावर किंवा दगडी कुंपणावर शेपटी उभारून बसणारा काळा पक्षी दिसला, त्याचे पोट पांढरे नसेल आणि शेपटीच्या बुडाशी तांबूस रंग असेल, तर तो दयाळ नसून चिरक आहे. चिरकही हद्द राखतो आणि त्याचेही निरीक्षण याच पद्धतीने करता येते, पण एकाच वेळी दोन्ही पक्षी घेऊ नयेत.

दयाळाचा विणीचा हंगाम आपल्याकडे साधारण मार्च ते जुलै असा असतो. झाडाच्या ढोलीत, जुन्या भिंतीच्या भोकात किंवा लावलेल्या लाकडी पेटीतही तो घरटे करतो. घरटे बांधण्याचे बहुतेक काम आणि अंडी उबवणे मादीकडे असते, तर नराचा बराच वेळ राखणीत आणि गाण्यात जातो. घरट्याला योग्य अशी ढोली दर झाडात नसते आणि पिल्लांना पुरेसे किडे मिळतील अशी बागही दर घरामागे नसते, म्हणून हद्दीला किंमत येते. ‘दयाळ’ या नावावर जाऊन शेजाऱ्याविषयी त्याच्या मनात दया असेल असे समजू नये. त्या बाबतीत तो आपल्या भाऊबंदकीपेक्षा वेगळा नाही.

जागा घराजवळचीच घ्यावी. अभयारण्यात वर्षातून दोनदा जाऊन केलेल्या निरीक्षणापेक्षा स्वतःच्या सोसायटीच्या आवारात सलग पंधरा दिवस केलेले निरीक्षण या विषयासाठी कितीतरी अधिक उपयोगी पडते. जिथे उभे राहिल्यावर किमान दोन नरांचे आवाज एकाच वेळी ऐकू येतात अशी जागा शोधावी. एकच नर ऐकू येत असेल तर दोनशे-तीनशे पावले एका दिशेने चालत जावे आणि दुसरा ऐकू आला की दोघांच्या मधोमध येऊन थांबावे.

दुसरी पायरी : वेळ

दयाळ सूर्योदयाच्या बऱ्याच आधी सुरू होतो, त्यामुळे सूर्योदयाच्या वेळेपूर्वी पाऊण तास जागेवर हजर असावे. एप्रिलमध्ये पुण्या-मुंबईकडे याचा अर्थ साडेपाचच्या सुमारास असा होतो. रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड असलेल्या भागात तो याहूनही लवकर सुरू होतो, तेव्हा पहिल्या दिवशी गाणे आधीच चालू असल्याचे आढळले तर दुसऱ्या दिवशी आणखी लवकर जावे.

पहाटेच एवढे गाणे का, याची अभ्यासकांनी अनेक कारणे मांडली आहेत. त्या वेळी किडे शोधण्याइतका उजेड नसतो, म्हणून गाण्यात घालवलेल्या वेळाने पोटाचे नुकसान होत नाही. वारा आणि इतर आवाज कमी असतात. आणि रात्रीत एखादा शेजारी मेला असेल किंवा निघून गेला असेल, तर त्याची रिकामी जागा पहाटेच्या शांततेवरूनच इतरांच्या ध्यानात येते. तिसरे कारण निरीक्षकाने विशेष लक्षात ठेवावे, कारण रोज ऐकू येणारा एखादा आवाज अचानक थांबला तर पुढच्या दोन-तीन पहाटा त्या हद्दीच्या कडेला काय घडते हे पाहण्यासारखे असते.

साधने फार लागत नाहीत. वही, पेन्सिल, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि मोबाइल एवढ्यावर काम सुरू करता येते. दुर्बीण असल्यास आठपट मोठे दाखवणारी पुरे. अधिक शक्तीची दुर्बीण हातात हलते आणि पहाटेच्या अंधूक उजेडात तिचा त्रासच होतो.

तिसरी पायरी : आवाज वेगळे करणे

पहिले चार-पाच दिवस काहीही मोजू नये, फक्त ऐकावे. पक्ष्यांच्या आवाजांचे ढोबळमानाने दोन भाग करतात. गाणे हे लांब, गुंतागुंतीचे आणि बहुतांशी विणीच्या हंगामातले असते; हाक ही छोटी असते, वर्षभर ऐकू येते आणि नर, मादी, पिल्ले सर्वजण ती देतात. दयाळाच्या गाण्यात स्वच्छ, चढ-उतार असलेल्या शिळा असतात आणि मधूनमधून इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कलही असते. त्याच्या हाकांमध्ये एक साधी, एकसुरी, ओढलेली शीळ असते आणि एक घशातून आल्यासारखा खरखरीत ‘खर्रर्र’ असा आवाज असतो. हा दुसरा आवाज गाण्याशी इतका विसंगत आहे की तो त्याच पक्ष्याचा आहे यावर नवख्याचा विश्वास बसत नाही.

हरिद्वारच्या गुरुकुल कांगडी विद्यापीठातील अनिल कुमार आणि दिनेश भट्ट यांनी दयाळाच्या आवाजांचा सविस्तर अभ्यास केला आहे. गाण्याखेरीज हद्दीच्या हाका, सकाळी विसाव्याच्या जागेतून बाहेर पडतानाच्या आणि सायंकाळी तिथे परततानाच्या हाका, धमकीच्या हाका, माघार घेणाऱ्याच्या हाका, पिल्लांनी अन्न मागण्याच्या हाका आणि संकटात सापडलेल्याच्या हाका असे प्रकार त्यांनी वेगळे केले. नवख्याने हे सगळे प्रकार पहिल्याच वर्षी ओळखण्याचा हट्ट धरू नये. गाणे, साधी शीळ आणि खरखर हे तीन खात्रीने ओळखता आले तरी पुढच्या पायरीवर जाता येते.

खरखर ऐकू आली की ती प्रतिस्पर्ध्याला उद्देशून आहे असे लगेच लिहू नये, कारण मांजर, साप किंवा शिक्रा दिसल्यावरही दयाळ तसाच ओरडतो आणि नवख्यांची सर्वाधिक फसगत येथेच होते. फरक आजूबाजूला पाहून कळतो. बुलबुल, शिंपी, साळुंक्या असे इतर पक्षीही एकाच झुडपाकडे तोंड करून ओरडत असतील, तर कारण शिकारी प्राणी आहे. केवळ दोन दयाळ आमनेसामने असतील आणि बाकीचे पक्षी आपापल्या उद्योगात असतील, तर कारण हद्द आहे.

मादीविषयीही एक सूचना येथेच द्यावीशी वाटते. गाणारा दयाळ म्हणजे नरच, असे गृहीत धरून बरेच जण पक्षी न पाहता नोंद करतात. मादीही नराच्या सान्निध्यात कधीकधी थोडा वेळ गाते. म्हणून उजेड आल्यावर गाणाऱ्या पक्ष्याचा रंग पाहिला नसेल, तर वहीत ‘नर’ न लिहिता ‘न दिसलेला’ असे लिहावे.

चौथी पायरी : हद्दीचा नकाशा

आता परिसराचा एक साधा नकाशा काढावा. त्यात रस्ते, इमारती, मोठी झाडे, खांब आणि पाण्याच्या टाक्या दाखवाव्यात. प्रमाण अचूक नसले तरी चालेल, जागा ओळखू आली म्हणजे झाले. दर पहाटेसाठी नकाशाची नवी प्रत घ्यावी आणि दयाळ ज्या ज्या ठिकाणी बसून गायला तिथे टिंब करावे. गाता गाता तो उडून दुसऱ्या ठिकाणी गेला तर दोन टिंबे बाणाने जोडावीत. दोन नर एकाच वेळी गाताना ऐकू आले, तर त्यांची टिंबे तुटक रेषेने जोडावीत.

या नकाशात तुटक रेषेइतके मोल दुसऱ्या कशालाच नाही. दोन ठिकाणांहून वेगवेगळ्या वेळी आलेले गाणे एकाच पक्ष्याचे असू शकते, पण एकाच क्षणी आलेले दोन आवाज दोन पक्ष्यांचेच असतात, त्यामुळे त्या दोन टिंबांच्या मध्ये कुठेतरी सीमा आहे हे नक्की होते. आठ-दहा पहाटांनंतर सर्व प्रती एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरल्या की टिंबांचे पुंजके दिसू लागतात आणि तुटक रेषा त्यांना ओलांडून जाताना दिसतात. पुंजक्यांच्या मधली मोकळी पट्टी ही सीमा. ती बहुधा एखादा रस्ता, भिंत किंवा इमारतींची ओळ यांच्या आधाराने असते, परंतु माणसाच्या कंपाउंडशी ती जुळेलच असे नाही.

आवाज खरोखरच राखण करतो की राखण अंगबळानेच होते, असा प्रश्न या टप्प्यावर चौकस वाचकाला पडेल. त्याचे उत्तर १९७०च्या दशकात जॉन क्रेब्स यांनी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या रानात शोधले. आपल्या रामगंगेचा युरोपीय भाऊबंद असलेल्या ग्रेट टिट या पक्ष्याच्या हद्दीतून त्यांनी पक्षी पकडून बाजूला केले. काही रिकाम्या हद्दींत ध्वनिक्षेपकावरून त्याच जातीचे गाणे वाजवले, काहींत पक्ष्याशी संबंध नसलेला शिट्टीचा आवाज वाजवला आणि काही हद्दी शांत ठेवल्या. गाणे वाजत असलेल्या हद्दींवर नवे पक्षी उशिरा आले; शांत आणि नुसती शिट्टी वाजणाऱ्या हद्दी त्याआधीच बळकावल्या गेल्या. म्हणजे आतला पक्षी नसतानाही नुसते गाणे काही काळ कुंपणाचे काम करते. अर्थात ते कायमचे करत नाही, कारण शेवटी कोणीतरी आत येऊन खात्री करून घेतोच.

पाचवी पायरी : उत्तर वाचणे

नकाशावरून दोन शेजारी निश्चित झाले की एकाला ‘अ’ आणि दुसऱ्याला ‘ब’ म्हणावे आणि त्यांच्या सीमेजवळ वीस मिनिटे बसावे. येथे कामाला खरी रंगत येते, म्हणून ही पायरी घाईने उरकू नये.

सर्वांत शांत प्रकार म्हणजे आळीपाळीने गाणे. ‘अ’ गातो, थांबतो, मधल्या शांततेत ‘ब’ गातो, पुन्हा ‘अ’. दोघे आपापल्या ठरलेल्या उंच जागी असतात, कोणी पुढे येत नाही, आणि हे अर्धा तासही चालते. अशा वेळी घड्याळात पाहून ‘अ’ थांबल्यापासून ‘ब’ सुरू होईपर्यंतचे सेकंद नोंदवावेत. हे अंतर हळूहळू कमी होत गेले, तर वातावरण तापते आहे असे समजून अधिक लक्ष द्यावे.

दुसरा प्रकार म्हणजे ‘अ’चे गाणे संपण्याआधीच ‘ब’ने सुरुवात करणे. माणसांत एखाद्याचे बोलणे तोडणे जसे उद्धटपणाचे मानतात, तसाच अर्थ अनेक अभ्यासकांनी या प्रकाराला दिला. मात्र अमेरिकेतील विल्यम सर्सी आणि मायकेल बीचर यांनी २००९ मध्ये या समजुतीवर जोरदार आक्षेप घेतला; दोन पक्षी भरभर गात असतील तर त्यांची गाणी निव्वळ योगायोगानेही एकमेकांवर पडतील, त्यात हेतू शोधण्याआधी तो योगायोग वजा करायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद नवख्याच्या फायद्याचा आहे. ‘तोडले’ असे लिहायचे, पण ‘चिडून तोडले’ असे लिहायचे नाही, ही शिस्त त्यातून लागते.

तिसरा प्रकार म्हणजे तीच लकेर परत करणे. ‘अ’ने जी शीळ घातली तीच, किंवा तिच्या अगदी जवळची, ‘ब’ने लगेच उचलली तर तशी नोंद करावी. सिअ‍ॅटल शहरातील एका मोठ्या उद्यानात बीचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साँग स्पॅरो या लहान पक्ष्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यातील प्रत्येक नराकडे आठ-दहा वेगवेगळी गाणी असतात आणि त्यांतली काही शेजाऱ्यांशी सामाईक असतात. शेजाऱ्याने एक गाणे म्हटल्यावर त्याला दोघांकडे असलेले दुसरेच एखादे गाणे म्हणून उत्तर दिले, तर ती ‘ओळखतो तुला’ अशा स्वरूपाची सौम्य दखल ठरते. नेमके तेच गाणे परत केले, तर ती चढती पायरी ठरते. दयाळाचे गाणे याहून अधिक बदलते आणि नकलांनी भरलेले असल्याने त्याच्यात हे इतके स्वच्छ दिसत नाही. म्हणून दयाळाबाबत संपूर्ण गाणे जुळवण्याचा प्रयत्न न करता त्यातील एखादी सहज ओळखू येणारी लकेर, उदाहरणार्थ कोतवालाची किंवा शिक्र्याची नक्कल, निवडावी आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे किती वेळात जाते एवढेच पाहावे.

चौथा प्रकार ऐकण्याचा नसून पाहण्याचा आहे. उत्तर देणारा नर आपली उंच जागा सोडून सीमेकडच्या झाडावर येतो, मग त्याहून खालच्या फांदीवर, मग भिंतीवर. या वेळी त्याचे गाणे वाढेल अशी आपली अपेक्षा असते आणि नेमकी ती फसते. साँग स्पॅरोच्या बाबतीत सर्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की पेंढा भरलेल्या प्रतिस्पर्ध्यावर हल्ला होणार की नाही, हे मोठ्या आवाजातल्या गाण्यावरून सांगता येत नाही. हल्ल्याची पूर्वसूचना देणारा आवाज होता तो हळू, पुटपुटल्यासारख्या गाण्याचा. मोठा आवाज गावभर ऐकवण्यासाठी असतो आणि हळू आवाज समोरच्या एकासाठी. दयाळ सीमेवर आल्यावर त्याचे गाणे तुटक झाले, खालच्या पट्टीत गेले किंवा एकदम थांबले, तर ‘शांत झाला’ असे लिहून वही मिटू नये. पुढचे दोन मिनिटे डोळे त्याच्यावरच ठेवावेत.

त्यानंतर बहुधा समोरासमोर येणे घडते. दोन्ही नर जमिनीवर किंवा भिंतीवर पिसे फुलवून, चोच वर करून, शेपटी पसरून ऐटीत चालतात, मध्येच खरखरीत आवाज काढतात आणि एकदम एकमेकांवर झेप घेतात. प्रत्यक्ष मारामारी काही सेकंदांची असते. ती पाहायला मिळणे हे भाग्य समजावे, पण ती पाहायला मिळाली नाही म्हणून निरीक्षण वाया गेले असे वाटून घेऊ नये; हद्दीचे बहुतेक तंटे अंगाला अंग न लागता आवाजावरच मिटतात, आणि आपला विषय तोच आहे.

नोंद कशी दिसावी याचा नमुना पुढे दिला आहे. त्यातील तपशील केवळ पद्धत दाखवण्यासाठी आहेत. ‘९ एप्रिल. ५.३८ : अ, टाकीवर, गाणे चालू. ५.४१ : ब, नारळावर, अ थांबल्यावर ४ सेकंदांनी. आळीपाळी ५.५२ पर्यंत, अंतर ४ वरून २ सेकंद. ५.५३ : ब उडून आंब्यावर (सीमेकडे). अ तीच उतरती शीळ लगेच. ५.५५ : ब भिंतीवर, आवाज हळू. अ टाकीवरून भिंतीवर. खरखर, कोणाची ते कळले नाही. ५.५६ : पाठलाग, ब नारळाकडे परत. ५.५८ : अ टाकीवर, मोठ्याने गाणे.’ यात कुठेही ‘रागावला’, ‘घाबरला’, ‘जिंकला’ असे शब्द नाहीत. ते लिहायचेच असतील तर पानाच्या डाव्या बाजूला वेगळा रकाना ठेवावा आणि त्याला ‘माझा अंदाज’ असे नाव द्यावे.

सहावी पायरी : शेजारी आणि परका

दोन-तीन आठवड्यांनंतर असे लक्षात येईल की ‘अ’ आणि ‘ब’ रोज गातात, पण क्वचितच भिडतात. उलट एखाद्या दिवशी एक अनोळखी नर त्यांच्या परिसरात एकदोनदा गातो आणि ‘अ’ तत्काळ धावून जातो. याला अभ्यासक ‘प्रिय शत्रू’ असे म्हणतात. हा शब्दप्रयोग ब्रिटिश पक्षी अभ्यासक जेम्स फिशर यांनी १९५४ मध्ये रूढ केला. शेजाऱ्याकडे स्वतःची हद्द असते, त्याच्यापासून धोका मर्यादित असतो आणि त्याच्याशी रोज भांडणे दोघांनाही परवडत नाही. परक्याकडे मात्र हद्द नसते, म्हणून तो आपली संपूर्ण हद्द घेऊ शकतो.

पक्षी हे केवळ आवाजावरून ओळखतात का, हे कॅनडात ब्रूस फॉल्स यांनी तपासले. व्हाइट-थ्रोटेड स्पॅरो या पक्ष्याला त्यांनी शेजाऱ्याचे गाणे नेहमीच्या सीमेवरून ऐकवले तेव्हा प्रतिसाद सौम्य होता, परक्याचे ऐकवले तेव्हा तीव्र होता, आणि शेजाऱ्याचेच गाणे चुकीच्या सीमेवरून ऐकवले तेव्हा प्रतिसाद परक्याला द्यावा तसा मिळाला. पक्ष्याने आवाज ओळखला होता आणि तो आवाज कुठून यायला हवा हेही त्याच्या लक्षात होते. आपल्या नकाशावर हे ध्वनिक्षेपकाशिवाय पाहता येते. ‘ब’ नेहमी पूर्वेकडून गातो. कधी पिल्लांसाठी किडे शोधत तो वळसा घालून ‘अ’च्या पश्चिमेला गेला आणि तिथून गायला, तर ‘अ’ काय करतो, एवढी एकच नोंद एखाद्या आठवड्याच्या वहीइतकी मोलाची ठरते.

सातवी पायरी : ध्वनिमुद्रण

कानाने घेतलेल्या नोंदी पक्क्या झाल्यावरच मोबाइल बाहेर काढावा. आधी काढला तर कान आळशी होतात. मोबाइलचा तळ, जिथे मायक्रोफोन असतो, तो पक्ष्याच्या दिशेला करावा, हात स्थिर ठेवावा आणि शक्यतो भिंतीपासून दूर उभे राहावे, कारण भिंतीवरून परतणारा आवाज गोंधळ करतो. मुद्रण थांबवण्यापूर्वी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, जागा आणि ‘अ’ कुठे, ‘ब’ कुठे हे सांगावे. सोय असल्यास फाइल वेव्ह स्वरूपात ठेवावी, कारण एमपी३ मध्ये आवाजाचे काही बारकावे गळतात.

घरी आल्यावर ऑडॅसिटी किंवा रेव्हन लाइट यांसारख्या मोफत प्रणालीत फाइल उघडली की आवाजाचे चित्र पडद्यावर दिसते. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर पट्टी. दोन नरांच्या गाण्यांमधले अंतर, आणि ते एकमेकांवर पडले की नाही, हे या चित्रात डोळ्यांनी मोजता येते. ओळख पटवण्यासाठी मर्लिन हे मोबाइलवरील साधन चांगले आहे, पण दयाळ नकला करत असताना ते दुसऱ्याच पक्ष्याचे नाव दाखवू शकते, तेव्हा प्रत्यक्ष पाहिलेल्यावरच विश्वास ठेवावा. चांगली मुद्रणे झेनो-कँटो किंवा ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदी जमा करणाऱ्या संकेतस्थळांवर देता येतात.

शहरातल्या निरीक्षकाने आणखी एक तुलना जरूर करावी. नेदरलँड्समधील लायडन शहरात गोंगाटाच्या भागातले ग्रेट टिट अधिक उंच पट्टीत गातात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. २०२० च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो, रहदारी थांबल्यावर, हळू आवाजात गाऊ लागले आणि तरीही त्यांचे गाणे आधीपेक्षा दूरवर पोहोचले. रविवारची पहाट आणि सोमवारची पहाट यांत आपला दयाळ काही बदलतो का, हे दहा-बारा आठवड्यांच्या मुद्रणांवरून पाहता येईल.

काय करू नये

मुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला चिथावू नये. हे लिहिताना सौम्य शब्द वापरण्याची गरज मला वाटत नाही. आवाज वाजवला की नर लगेच समोर येतो, छायाचित्र छान मिळते आणि निरीक्षकाला आपण काहीतरी शोधल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात नर अस्तित्वात नसलेल्या शत्रूच्या मागे धावतो, त्या वेळेत पिल्लांना अन्न मिळत नाही आणि घरट्यावरची राखण सुटते. वर उल्लेखलेले ध्वनिक्षेपकाचे प्रयोग ठरावीक प्रश्नासाठी, मोजून-मापून, प्रशिक्षित अभ्यासकांनी केलेले आहेत. नवख्याच्या वहीला त्याची गरज नाही. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार दयाळाला पकडणे, पाळणे किंवा त्याच्या घरट्याची नासधूस करणे हा गुन्हा आहे.

दयाळ स्वतःच्या प्रतिबिंबालाही प्रतिस्पर्धी समजतो. मोटारसायकलच्या आरशावर किंवा खिडकीच्या काचेवर रोज चोची मारणारा पक्षी हा बहुधा विणीच्या हंगामातला हद्द राखणारा पक्षी असतो. आरशातला शत्रू माघार घेत नाही, म्हणून हे भांडण दिवसेंदिवस चालते. आरशावर कापडी पिशवी बांधावी, काचेवर बाहेरून कागद चिकटवावा. दोन-तीन दिवसांत तो दुसरीकडे वळतो.

हंगाम संपताना

जुलैच्या पावसात गाणे विरळ होत जाते आणि पुढे अनेक महिने केवळ खरखर आणि एकसुरी शीळ ऐकू येते. ज्यांना पावसाळ्यातही हे काम चालू ठेवायचे आहे, त्यांनी सह्याद्रीच्या ओढ्यांकाठी शीळकरी कस्तुराकडे वळावे. तो भर पावसात, पहाटे, माणसाने रस्त्याने जाताना घातलेल्या शिळेसारखी शीळ घालतो, आणि पाण्याच्या आवाजात त्याचा शेजारी उत्तर देतो का हे ऐकणे चांगलेच कठीण आहे. दयाळाचे नकाशे मात्र जपून ठेवावेत. थंडी ओसरू लागली की एखाद्या सकाळी अर्धवट, अडखळती लकेर ऐकू येईल. त्या दिवशीची तारीख लिहावी, गाणारा मागच्या वर्षीच्या ‘अ’च्या टाकीवरच बसला आहे का ते पाहावे, आणि मग ‘ब’च्या नारळाकडे कान लावून घड्याळ सुरू करावे.